काकांचा सुपर फॅमिकॉम आणि तळाचे सहा स्क्रू

१५ जून २०२४, शनिवार

काकांची कर्वेनगरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून आज माळा काढायला गेले होते. तांब्याचा बंब, दोन पराती, १९९० च्या दशकातले दिवाळी अंक, आणि एका मिक्सरच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला निन्टेन्डोचा सुपर फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. सोबत एक कंट्रोलर, एव्ही केबल, जपानी अडॅप्टर आणि गेमच्या दोन कॅसेटी: सुपर मारिओ वर्ल्ड आणि एफ-झीरो.

काका १९९३ साली कंपनीकडून सहा महिने नागोयाला ट्रेनिंगला होते, तेव्हा तिथून सेकंडहँड आणलेला. हे यंत्र जपानात २१ नोव्हेंबर १९९० ला आलं, किंमत २५,००० येन. या दोन्ही कॅसेटी त्याच दिवशी आलेल्या. "घेऊन जा," काका म्हणाले, "चालला तर चालला."

अडॅप्टर १०० व्होल्टचा. तेव्हा तो एका स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. तो ट्रान्सफॉर्मर कधीतरी भंगारात गेला. जपानी अडॅप्टर थेट आपल्या २३० ला लावायचा नाही एवढी अक्कल मला होती. त्यावर आउटपुट लिहिलंय १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर. घरात जुन्या राउटरचा ९ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर पडला होता. पिन बरोब्बर बसली. खटका वर केला. लाल दिवा लागला नाही. पुन्हा खाली-वर केला. नाही.

मग चष्मा लावून अडॅप्टरवरचं ते गोलाचं चिन्ह पाहिलं. सुपर फॅमिकॉमला मधली पिन निगेटिव्ह लागते आणि बाहेरची कडी पॉझिटिव्ह. आपल्याकडचे राउटरचे, सेट टॉप बॉक्सचे, सीसीटीव्हीचे अडॅप्टर जवळपास सगळे उलटे, मधली पिन पॉझिटिव्ह. म्हणजे यंत्र तीस वर्षं माळ्यावर सुखरूप राहिलं आणि माझ्या घरात येऊन दोन तासांत गेलं.

आत एफ-१ नावाचा दीड अँपिअरचा फ्यूज असतो, उलट्या जोडणीत पहिला तोच जातो. तो एकटाच गेला असेल तर काम दहा रुपयांचं. म्हणजे उघडायचं.

१६ जून, रविवार

उलटं केलं. तळाला सहा खोल, अरुंद भोकं. तळाशी टॉर्च मारली तर स्क्रूच्या डोक्याला ना चीर ना फुली. गोल डोकं, बाहेरून सहा पाकळ्या. म्हणजे स्क्रूड्रायव्हरची अणी डोक्यात घालायची नाही, पोकळ तोंडाचं हत्यार डोक्यावर चढवायचं. याला गेमबिट म्हणतात. दोन मापं आहेत: ३.८ मिमी कॅसेटींना, ४.५ मिमी यंत्राला. हे मी आज सकाळी वाचलं होतं. पुढे जे घडलं ते वाचूनसुद्धा घडलं.

बिट मागवायला चार-पाच दिवस लागणार. थांबायचं नव्हतं, म्हणून पेनची युक्ती केली. बॉलपेनची रिफिल काढायची, नळीचं टोक गॅसवर मऊ करायचं, भोकात घालून स्क्रूवर दाबून धरायचं, थंड झालं की नळीच्या तोंडाला पाकळ्यांचा ठसा. मग तेच फिरवायचं.

पहिला स्क्रू खरंच सुटला. माझा मलाच विश्वास बसेना. दुसरा सुटला, पण अर्ध्या वाटेत ठसा झिजला म्हणून पुन्हा तापवावं लागलं. तिसऱ्याला मी जरा जास्त तापवलं. नळी थेंब पडायच्या बेतात होती, तशीच आत घातली, मिनिटभर दाबली, फिरवली. नळी माझ्या हातात आली. टोक आत राहिलं, स्क्रूच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखं, आणि भोकाच्या भिंतीला चिकटलेलं.

ही युक्ती करणाऱ्यांसाठी: सैल स्क्रूवर चालते. तीस वर्षं न हललेल्यावर प्लास्टिक आधी हरतं. आणि नळी तापवून निदान पाच सेकंद बाहेर धरा, पृष्ठभागाचा ओलेपणा गेला की मगच आत घाला.

१७ ते २० जून

चार रात्री तिसऱ्या भोकात गेल्या. ऑफिसातला एक जण म्हणाला, नेलपेंट रिमूव्हर टाक, विरघळेल. टाकला नाही, हे या सगळ्या कामातलं माझं एकमेव शहाणपण. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं आणि यंत्राचं कवच एबीएस प्लास्टिकचं, पेनाच्या टोकाआधी कवचच चिकट झालं असतं.

शेवटी आईची क्रोशाची सर्वांत बारीक सुई कामी आली. टॉर्च दातात धरून, सुईचा आकडा प्लास्टिकच्या कडेखाली घालायचा आणि वर ओढायचं. एका वेळी तांदळाच्या कणीएवढा तुकडा. तिसऱ्या रात्री पाकळ्या दिसायला लागल्या, चौथ्या रात्री डोकं स्वच्छ. सुईचा आकडा सरळ झाला तो वेगळाच. आईला अजून सांगितलेलं नाही.

२२ जून, शनिवार

रविवार पेठ, बोहरी आळी. स्क्रूचा फोटो मोबाइलमध्ये, आणि कागदावर माप. पहिल्या दुकानात "नाही", दुसऱ्यात "मोबाइलवाल्याकडे जा". तिसऱ्या दुकानातले चाचा मात्र रस घेऊन बघायला लागले. आधी टॉर्क्सचा, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या अणीचा, संच काढला. मग तीन पात्यांचा ट्रायविंग. मग फोटो मोठा करून म्हणाले, "ताई, हा तर उलटा टॉर्क्स आहे. याला सॉकेट लागेल," आणि मागून ई-टॉर्क्सच्या गोट्यांची पेटी घेऊन आले. बाहेरून पाकळ्या असलेल्या बोल्टसाठी गाड्यांच्या कामात हे सॉकेट वापरतात. ई-४ आणि ई-५ अशी दोन छोटी मापं निघाली. कल्पना हुशार होती, मीही भुलले. दोन्ही घेतली, १६० रुपये.

घरी आल्यावर दोन गोष्टी कळल्या. ई-५ चं तोंड पावणेपाच मिमीच्या आसपास असतं, ४.५ च्या डोक्यावर ते खुळखुळतं. आणि त्याआधीची गोष्ट म्हणजे सॉकेटची भिंत इतकी जाड की ते भोकात जातच नाही. दुकानात भोक नव्हतं, फक्त स्क्रूचा फोटो होता. यंत्र सोबत न्यायला हवं होतं.

रात्री मुकाट्याने ऑनलाइन बिट मागवलं. २४९ रुपये.

२६ जून, बुधवार

बिट आलं. चौथ्या स्क्रूवर धरलं, बसेना. कॅलिपर लावला: ३.८.

चूक विक्रेत्याची म्हणायला मी उत्सुक होते, पण ऑर्डर उघडून पाहिली तर त्यात दोन पर्याय होते आणि मीच पहिला दाबून मोकळी झाले होते. ४.५ चं पुन्हा मागवलं, या वेळी लांब दांड्याचं. आणखी २७९.

हातात ३.८ आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे, तर निदान कॅसेटी उघडू, असं वाटलं. सुपर मारिओ वर्ल्डच्या पुढच्या बाजूला दोन स्क्रू, दोन्ही लोण्यासारखे सुटले. योग्य बिट म्हणजे काय सुख असतं ते तेव्हा कळलं: तोंड डोक्यावर चढतं तेव्हा बारीकसा टक् असा आवाज येतो आणि मनगटाला कळतं की आता घसरणार नाही.

आत सर्किटची लहानशी पाटी, वर गेमची चिप, शेजारी सीआर२०३२ बॅटरी. गेम सेव्ह करायची मेमरी या नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत राहते. मल्टिमीटरने मोजली: २.९४ व्होल्ट. नवी ३ च्या थोडी वर दाखवते. म्हणजे तीस वर्षांनंतरही ठणठणीत. पण माझ्याकडे पत्र्याच्या टॅब लावलेली नवी बॅटरी होती, सोल्डरिंग आयर्न गरम होतं, आणि "उघडलंच आहे तर बदलून टाकू" हे वाक्य डोक्यात होतं. बदलली. वीस मिनिटांचं काम, झालंही नेटकं. (बॅटरीवर थेट सोल्डर कधी करू नका, उष्णतेने फुटू शकते. टॅबवालीच घ्या. आणि प्लस-मायनसचा फोटो आधी काढून ठेवा.)

एफ-झीरोचीही बदलणार होते, पण टॅबवाली बॅटरी एकच होती. म्हणून तिला हात लावला नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे.

३० जून, रविवार

पालख्या आज पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, तपकीर गल्लीत फ्यूज आणायला जायचा बेत रद्द. बिटाचं पार्सल शहरात येऊन पडलंय असं दोन दिवस दाखवतंय, पुढे हलत नाही. दिवसभर काही केलं नाही.

३ जुलै, बुधवार

४.५ चं बिट आलं. "लांब दांड्याचं" म्हणजे पन्नास मिमी. बिट स्वतः भोकात आरामात जातं आणि डोक्यावर बसतं. पण मागच्या बाजूची भोकं जास्त खोल आहेत. तिथे बिट आत गेलं की चुंबकवाल्या होल्डरचं तोंड भोकाच्या काठाला टेकतं, आणि बिट डोक्यापासून तीन-चार मिमी वरच लटकतं.

पुढचा एक मात्र सुटला, आणि तो तोच, पेनवाला तिसरा! त्याच्या पाकळ्यांत थोडं पांढरं प्लास्टिक अजून होतं, पण बिटाने ते कापत जागा केली. तीन गेले, तीन राहिले.

होल्डरशिवाय बिटाचं षटकोनी टोक पकडीने धरून फिरवून पाहिलं. पकड घसरली आणि कवचावर दोन सेंटिमीटरचा ओरखडा आला. तळाला आहे, दिसत नाही, पण मला माहीत आहे.

६ जुलै, शनिवार

शिवण्याला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेले, या वेळी यंत्रासकट. तिथले टर्नर काका पासष्टीचे असतील. त्यांनी होल्डर हातात घेऊन फिरवला, व्हर्निअर लावला आणि विचारलं, "बाहेरून उतरवायचंय फक्त? पुढचा वीस मिमी?"

"हो. भोकात जाईल एवढं."

"आतल्या षटकोनाचा कोपरा सव्वासातला येतो. साडेआठपर्यंत गेलो तर भिंत कागद होईल. नऊवर थांबतो. नऊला जात नसेल तर नशीब तुमचं."

लेथवर लावायला पाच मिनिटं, उतरवायला दोन. स्टेनलेसची नळी होती, त्यामुळे बारीक छिलका न पडता लांब कुरळी तार निघत होती, ती त्यांनी आकड्याने बाजूला ओढली. चौथ्या भोकात घालून पाहिलं. गेलं, अगदी घासून. त्यांनीच बिट चढवलं, तळवा होल्डरच्या मागे टेकवून सगळं वजन खाली दिलं आणि मग हळू फिरवलं. "आधी दाबायचं, मग फिरवायचं. तुम्ही लोक फिरवता आणि मग दाबता." कट् असा आवाज आला आणि तीस वर्षांचा स्क्रू हलला. पाचवा, सहावा मी सोडवले.

पैसे विचारले तर म्हणाले पन्नास द्या, आणि वर चहा त्यांनीच पाजला. मग यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "पण हे स्क्रू असे केलेच का?" म्हटलं, गिऱ्हाइकाने उघडू नये म्हणून. त्यांना ते काही पटलं नाही.

७ जुलै, रविवार

वरचं कवच सरळ वर उचललं की निघतं. त्यानंतर निन्टेन्डोची आडकाठी संपते. आतले स्क्रू साधे फुलीचे आहेत. साधे म्हणजे जपानी फुलीचे. आपला फिलिप्स घातला तर जोर दिल्यावर तो वर चढून घसरतो आणि फुली खाऊन टाकतो. ज्यांनी जुनी आरएक्स १०० उघडली आहे त्यांना हे माहीत असतं. माझ्याकडे जपानी मापाचा नव्हता, म्हणून फिलिप्सचं टोक कानशीने अर्धा मिमी बोथट केलं. तळाला टेकायला लागलं, काम भागलं.

क्रम असा. आधी कॅसेट वर काढणारा खटका: त्याची एक लोखंडी काडी आणि स्प्रिंग असते. काडी सरकवताना स्प्रिंगवर बोट ठेवा. मी ठेवलं नाही. ती चपलांच्या रॅकखाली गेली, अर्धा तास. मग पॉवर खटक्याचे दोन स्क्रू. मग पुढच्या कंट्रोलर पोर्टची पांढरी चपटी केबल, सरळ वर ओढायची, वाकडी नाही. मग पत्र्याची शिल्ड. हीटसिंक शिल्डला स्क्रूने जोडलेला आहे, तो विसरून शिल्ड ओढलीत तर व्होल्टेज रेग्युलेटरचे पाय वाकतील. मी ओढली, पण लगेच थांबले.

पाटीवर धूळ सोडली तर काही नाही. कपॅसिटर फुगलेले नाहीत, खाली ओघळ नाही, माशाचा वास नाही (गळलेल्या कपॅसिटरला येतो). पॉवर जॅकजवळ एफ-१, दिसायला रेझिस्टरसारखा. मल्टिमीटरच्या काड्या त्याच्या दोन टोकांना लावल्या, बझर वाजला नाही. उडालेला.

सुस्कारा सोडायच्या आधी आणखी एक मोजमाप केलं: फ्यूजच्या पुढच्या बाजूने ग्राउंडला शॉर्ट आहे का. नाही. रेग्युलेटरच्या आउटपुटला शॉर्ट? नाही. म्हणजे फ्यूज बदलून पाहायला हरकत नाही.

खालच्या मजल्यावर टीव्ही दुरुस्तीवाले राहतात, त्यांनी बघून सांगितलं, "तार टाका ना त्याच्या जागी, कशाला फ्यूज." तीन आठवड्यांपूर्वी मीच अडॅप्टर उलटा घातला होता. पुढच्या वेळी कोण घालेल सांगता येत नाही. तार टाकली नाही.

९ जुलै, मंगळवार

ऑफिसातून लवकर निघून तपकीर गल्ली. "पिको फ्यूज, दीड अँपिअर, पायवाला." काउंटरवरच्या मुलाने न बघता मागचा ड्रॉवर ओढला. सहा रुपयांना एक, पण दहापेक्षा कमी देणार नाही म्हणाला. मला एक हवा होता. घासाघीस करून काही उपयोग झाला नाही. शेजारच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, ११० रुपये.

रात्री बसवला. फ्यूजच्या जागी बोर्डावरचं तांबं जाड आहे, माझं २५ वॉटचं आयर्न तिथे पाणी भरतं. सोल्डर वितळेपर्यंत धरून बसले, जोड छान चमकला, मोजलं तर नवा फ्यूजही उडालेला. उष्णतेने आतली तार सुटली. दुसरा: तेच. तिसऱ्याला पाय पूर्ण लांब ठेवले, बॉडी आणि जोड यांच्या मधल्या पायाला चिमट्याने धरलं (चिमटा उष्णता शोषतो) आणि आधी जुनं सोल्डर ओढून भोक मोकळं केलं. बझर वाजला.

दहा घ्यायला लावले म्हणून त्या मुलावर चिडले होते, ते मागे घेते.

१३ जुलै, शनिवार

आता अडॅप्टर. मधली पिन निगेटिव्ह, ९ किंवा १० व्होल्ट, निदान ८५० मिलिअँपिअर. राउटरच्या अडॅप्टरची वायर कापून उलटी जोडणं हा फुकटातला मार्ग, पण मग घरात एक असा अडॅप्टर फिरत राहतो की जो बाहेरून सरळ दिसतो आणि आतून उलटा असतो. तो मला नको होता.

आतेभावाने मार्ग काढला. तो गिटार वाजवतो. गिटारच्या इफेक्ट पेडलना ९ व्होल्टच लागतात आणि त्यांची मधली पिन निगेटिव्हच असते, जाडीही तीच. फक्त अँपिअर बघायचे, बरेचसे पेडल अडॅप्टर अर्ध्या अँपिअरच्या आतले असतात. वाद्यांच्या दुकानात १ अँपिअरचा मिळाला, ५५० रुपये. या कामातली सगळ्यात महाग वस्तू. घरी आल्यावर आधी मल्टिमीटर लावला: काळी काडी बाहेर, लाल मध्ये, उणे ९.१. बरोबर.

कवच न लावताच खटका दिला. लाल दिवा! रेग्युलेटरच्या आउटपुटला ५.०१.

टीव्हीवर मात्र काळं. एव्ही केबल टीव्हीला लागली कशी हीच आधी कसरत, कारण नव्या टीव्हीला तीन भोकांऐवजी एकच हेडफोनसारखं भोक असतं आणि त्याची शेपटी टीव्हीच्या खोक्यात राहून गेलेली. ती सापडली, तरी काळंच. जपानी यंत्र एनटीएससी सिग्नल देतं, पण आताच्या टीव्हींना त्याचं काही वाटत नाही, त्यामुळे शंका कॅसेटच्या स्लॉटवर. अल्कोहोलमध्ये बुडवलेलं फडकं जुन्या व्हिजिटिंग कार्डावर गुंडाळून स्लॉटमध्ये वीसेक वेळा खाली-वर केलं. फडकं काळंकुट्ट. कॅसेटच्या पट्ट्याही पुसल्या. लहानपणी सगळेच करायचो तशी फुंकर मारू नका, थुंकीची वाफ तांब्याला गंज आणते.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मारिओ आला. आवाजासकट.

आतापर्यंतचा हिशेब, कोणाला करायचं असेल तर: खरं लागणारं सामान म्हणजे ४.५ चं बिट २७९, होल्डर उतरवायचे ५०, फ्यूज ६०, अल्कोहोल ११०, अडॅप्टर ५५०. म्हणजे १,०४९ रुपये. चुकांचे ४०९ वेगळे: ई-टॉर्क्स आणि चुकीच्या मापाचं बिट. बॅटरी घरात होती. वेळ चार आठवडे, त्यातलं प्रत्यक्ष काम फार तर सात तास.

१४ जुलै, रविवार

काका-काकूंना जेवायला बोलावलं. ते सध्या वारज्याला भाड्याच्या घरात आहेत. जेवण झाल्यावर टीव्ही लावला. काका खूश, पण कंट्रोलर घेतला काकूंनी. मला वाटलं हौस म्हणून.

गेम सुरू झाला, सेव्हचे तीन खाने आले, तिन्ही रिकामे. काकू थांबल्या.

"पहिल्यात माझे शहाण्णव होते."

मला आधी समजलं नाही. या गेममध्ये बाहेर पडायच्या एकूण वाटा शहाण्णव आहेत, सगळ्या सापडल्या की सेव्हच्या नावापुढे तो आकडा दिसतो. काका फर्स्ट शिफ्टला, मुलं शाळेत, स्वयंपाक आटोपलेला. १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं काकू दुपारी मारिओ खेळत होत्या. घरात कोणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नाही. यंत्र काकांचं म्हणून आम्ही इतकी वर्षं ओळखत होतो.

मी बॅटरीचं सांगितलं. २.९४ दाखवत होती, हेही सांगितलं. काकूंनी विचारलं, "मग काढलीस कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

(म्हणून: बॅटरी काढण्याआधी यंत्र चालू करून आत कोणाचं काय आहे ते बघा. यंत्र चालत नसेल तर चालेपर्यंत थांबा. बॅटरी अडीचच्या वर असेल तर आणखी महिनाभराने काही बिघडत नाही.)

काकू एक-दोन मिनिटं गप्प होत्या. मग पहिला खाना निवडला, त्या हिरव्या घोरपडीच्या बेटावरून पुन्हा सुरुवात केली आणि पहिली पातळी एकदाही न पडता पार केली. अंगठा कुठे किती दाबायचा ते सगळं हाताला आठवत होतं. काका बघतच राहिले.

निघताना मी एफ-झीरोची कॅसेट दाखवली. म्हटलं, हिची बॅटरी अजून जुनीच आहे, आतले विक्रम तसेच असतील, उघडत नाही.

"ते यांचे आहेत," काकू म्हणाल्या. "ती उघडलीस तरी चालेल."

उरलेलं काम: सहावा स्क्रू परत बसवताना आतलं प्लास्टिक सैल लागलं, त्यामुळे सध्या पाचच आहेत. यंत्र, अडॅप्टर आणि दोन्ही बिटं काकू घेऊन गेल्या.